यूपीआय वाढलं, मग बँकेचा नफा का घसरलेला दिसतो?

विश्रामबागकर:
एम.कॉम.चा प्रकल्प आहे, सांगलीतून. काही सरकारी बँकांचे २०१६ ते २०२४ चे ताळेबंद उतरवलेत. यूपीआय व्यवहार आणि मालमत्तेवरचा परतावा यांचा सहसंबंध काढला, तर पहिली दोन-तीन वर्षं उलटीच येतात: व्यवहार वर, परतावा खाली. कुठे चुकतंय?

हळदपेठ:
जोडीच चुकलीय. त्या वर्षांतला नफा एनपीएसाठी, म्हणजे थकीत कर्जांसाठी, बाजूला काढाव्या लागलेल्या तरतुदींनी खाल्ला. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये कर्जखात्यांची गुणवत्ता तपासणी लावली, दडलेली थकबाकी वर आली आणि २०१७-१८ मध्ये बहुतेक सरकारी बँका तोट्यात गेल्या. यूपीआयही नेमकं २०१६ चं. म्हणून तरतुदींआधीचा परिचालन नफा घ्या. आणि एप्रिल २०१९ व एप्रिल २०२० च्या विलीनीकरणांनी आकड्यांची साखळी तुटते. बँक ऑफ महाराष्ट्र त्यात नव्हती, तिची सलग मिळेल.

मार्केटयार्ड:
यूपीआयचं उत्पन्न ताळेबंदाच्या परिशिष्ट १४ मध्ये (इतर उत्पन्न) शोधत बसू नका, जवळपास काही सापडणार नाही. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिटवर एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून घ्यायचं व्यवहार शुल्क, शून्य आहे. सर्व्हर, एसएमएस, तक्रार निवारण हा खर्च मात्र चालूच. परिशिष्ट १६ (परिचालन खर्च) उघडा: छपाई-स्टेशनरी, टपाल-दूरध्वनी, घसारा, पगार हे रकाने वेगवेगळे पाहा. घसारा वाढला आणि पगार-भाडं हललं नाही, तर डिजिटल हा नुसता वरचा खर्च झाला.

खरा मार ठेवींवर बसतो. हळदीच्या किंवा बेदाण्याच्या सौद्याचा चेक वटेपर्यंत पैसा व्यापाऱ्याच्या चालू खात्यात बिनव्याजी पडून राहायचा. डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास. रक्कम दोन लाखांच्या वर असली की रविवारीही निघून जाते. बचत खात्याचंही तेच. समजा बचतीवर २.५ टक्के आणि मुदत ठेवीवर ६.५ टक्के व्याज आहे. मोबाइलवरून एक कोटी बचतीतून मुदतीत वळले, तर बँकेला वर्षाला चार लाख जास्त मोजावे लागतात. त्यामुळे कासाचं, म्हणजे एकूण ठेवींतल्या चालू आणि बचत खात्यांचं, प्रमाण तक्त्यात हवंच.

विश्रामबागकर:
मग बँका यात पडतात कशाला?

मार्केटयार्ड:
न पडून करतात काय! खातं दुसरीकडे जाईल. दुकानातला क्यूआर कुणाचा, यापेक्षा त्याची जमा कोणत्या खात्यात होते ते महत्त्वाचं. जमा आपल्याकडे असेल तर शिल्लक आपली, शिवाय कॅश क्रेडिटची (व्यापाऱ्याच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाची) मर्यादा ठरवायला रोजची उलाढाल समोर.

हळदपेठ:
एक रकाना आणखी घाला: यूपीआय चालवणारी एनपीसीआय दर महिन्याला फसलेल्या व्यवहारांचं बँकनिहाय प्रमाण टीडी (टेक्निकल डिक्लाइन) आणि बीडी (बिझनेस डिक्लाइन) असं देते. बीडी म्हणजे चुकीचा पिन, अपुरी शिल्लक वगैरे. टीडी म्हणजे यंत्रणेचा दोष, बरेचदा बँकेच्याच सर्व्हरचा. खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराला पोचले नाहीत, तर पाच दिवसांत आपोआप परत द्यायचे, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई. टीडी जास्त असलेल्या बँकांचा कासा वेगळा काढून बघा, व्यवहार सारखे फसले की ग्राहक खातं हलवतात का ते कळेल.