मदत हवी आहे : वर्षअखेरीस मागे पडल्याची भावना कशी हाताळावी?

सर्वांना नमस्कार. वर्ष संपत आले की आपण सगळ्यांच्या मागे राहिलो, ही भावना मला फार अस्वस्थ करते. त्याबाबत आपले अनुभव जाणून घ्यायचे आहेत. जानेवारीत वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली यादी आता उघडली, की पूर्ण झालेल्या कामांवरच्या रेघा दिसतच नाहीत. नजर खिळते ती ‘नवी भाषा शिकणे’ यापुढच्या कोऱ्या चौकटीवर. त्यातच ओळखीच्यांच्या बढतीच्या, लग्नाच्या, नव्या घराच्या बातम्या मोबाइलवर एकापाठोपाठ येत राहतात आणि मन नकळत हिशेब मांडू लागते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या सामाजिक तुलनेच्या सिद्धान्तानुसार, वस्तुनिष्ठ माप हाताशी नसले की माणूस इतरांशी तुलना करून स्वतःला जोखतो. हे बुद्धीला पटते, पण रात्री झोप उडते तेव्हा त्याचा उपयोग होत नाही. आजारपणात आणि घरातल्यांच्या देखभालीत गेलेला वेळ कोणत्याच यादीत नसतो, आणि तो वाया गेला असे मला मुळीच वाटत नाही. तरीही खंत उरतेच.

अपुरे राहिलेले संकल्प आपण पुढच्या वर्षात नेता की सोडून देता, आणि सोडताना मनाची समजूत कशी घालता? मोबाइल काही दिवस बाजूला ठेवल्याने कुणाला खरोखर फरक पडला आहे का? शिवाय, ही उदासी समुपदेशकाकडे जाण्याइतकी वाढली आहे, हे कशावरून ओळखावे?