चिऱ्याच्या घरात लाल विंचू

प्रश्न: कोकणात चिऱ्याचं, कौलारू घर आहे. पाऊस लागला की मोरीजवळ लाल विंचू दिसतात. फवारणीने जातील का?

उत्तर: फवारा सांध्यांत खोल पोचत नाही, नुसती फवारणी फुकट. रात्री दिवे घालवून अतिनील टॉर्च मारा, विंचू हिरवट चमकतो. लांब चिमट्याने बरणीत घ्या. मग सांधे सिमेंटने भरा, मोरीला बारीक जाळी लावा. झुरळं आवरा, ते त्याचं खाणं.

उत्तर: लाकडं, नारळाची सोडणं भिंतीला टेकवू नका.

उत्तर: चावलाच तर कापू नका, आवळून बांधू नका. दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडले की विष भिनलंय. एक मिनिट न घालवता दवाखाना गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलेलं विंचूदंशावरचं औषध प्राझोसिन जवळच्या दवाखान्यात असतं का, आजच विचारून ठेवा.