मदत हवी आहे : इंटर्नल कॅप्सूलमधील शेजारचे तंतुमार्ग वेगळे कसे करावेत?

औषधांना आणि वर्तनोपचाराला दाद न देणाऱ्या तीव्र ओसीडीच्या (नको असलेले विचार आणि पुनःपुन्हा होणाऱ्या कृतींचा विकार) एका रुग्णासाठी डीप ब्रेन स्टिम्युलेशनचे (मेंदूत इलेक्ट्रोड बसवून विद्युत उत्तेजन देण्याच्या उपचाराचे) नियोजन सुरू आहे. इंटर्नल कॅप्सूलच्या (मेंदूच्या खोल भागातील तंतूंच्या जाड पट्ट्याच्या) अँटिरिअर लिंबमध्ये, म्हणजे पुढच्या भागात, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला (मेंदूच्या पुढच्या बाह्यस्तराला) थॅलॅमसशी जोडणारे तंतू आणि त्याखालच्या सबथॅलॅमिक न्यूक्लियसकडे उतरणारे तंतू इतके लगटून जातात की, २ मिलिमीटरच्या एकाच व्होक्सेलमध्ये (स्कॅनच्या सर्वांत लहान घनात) दोन्ही येतात.

स्कॅन (पाण्याच्या हालचालीवरून तंतूंची दिशा दाखवणारा डिफ्यूजन एमआरआय) ३ टेस्लाचा, ६४ दिशांचा, बी-मूल्य (डिफ्यूजनच्या संवेदनशीलतेचे माप) फक्त १००० चा, म्हणजे एका-शेलचा आहे; रुग्णाला स्थिर पडून राहणे फार जड जात असल्याने तो पुन्हा घेता येणार नाही. उलट फेज-एन्कोडिंगच्या (उलट दिशेने घेतलेल्या) प्रतिमा वापरून स्कॅनमधील आकाराची विकृती दुरुस्त केली आहे. टेन्सरवर आधारित डिटर्मिनिस्टिक पद्धतीत (प्रत्येक व्होक्सेलमध्ये एकच दिशा धरून तंतू आखणे) पार्श्व प्रीफ्रंटलकडचे तंतू मध्येच तुटतात. स्फेरिकल डीकॉन्व्होल्युशननंतर (एका व्होक्सेलमधील अनेक दिशा वेगळ्या करणारे गणित) प्रोबॅबिलिस्टिक पद्धतीत (संभाव्यतेनुसार अनेक मार्ग आखणे) ते दिसतात, पण उंबरठा (कोणते मार्ग ग्राह्य धरायचे याची मर्यादा) किंचित बदलला तरी गठ्ठ्याची कड सरकते. निरोगी व्यक्तींच्या स्कॅनवरून तयार केलेला नकाशा व्यवस्थित जुळतो, मात्र या रुग्णाचे वेगळेपण त्यात पुसले जाते, आणि इलेक्ट्रोडच्या जागेसाठी मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते.

थॅलॅमसकडे जाणारे मार्ग वगळणारा मास्क लावल्यानंतर अशा एका-शेलच्या डेटावर हा उंबरठा कोणत्या निकषाने ठरवावा, आणि मिळालेली कड शस्त्रक्रियेपूर्वी कशी पडताळावी?