मार्टिन चेर्वेन्का: मायनर लीगमधली वर्षं वाया गेली का?

कोकणकडा
प्रागचा मार्टिन चेर्वेन्का बेसबॉलमधला कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा. २००९ मध्ये, शाळकरी वयातच, अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लबने त्याच्याशी करार केला. पुढे बाल्टिमोर, मग न्यूयॉर्क मेट्स. मायनर लीगच्या (मेजर लीगखालच्या संघांच्या) सर्वांत वरच्या पायरीपर्यंत, ट्रिपल-ए पर्यंत पोचला, पण मेजर लीगचा एकही सामना नशिबी आला नाही. २०२३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशांच्या स्पर्धेत तो चेक संघाकडून टोकियोत खेळला आणि त्या संघाचं केवढं कौतुक झालं! प्रशिक्षक न्यूरॉलॉजिस्ट, पिचर (चेंडू फेकणारा) इलेक्ट्रिशियन वगैरे.

कौतुक मलाही आहे. पण त्या कौतुकाखाली मायनर लीगचा हिशोब झाकला जातो. सराव शिबिरात पिचरांची फौज असते, त्यांचे चेंडू झेलायला कुणीतरी गुडघ्यांत वाकून बसावंच लागतं. २०२१ च्या आधी डबल-ए चा (ट्रिपल-ए च्या खालच्या पायरीचा) किमान पगार होता आठवड्याला ३५० डॉलर, तोही फक्त हंगामापुरता. हे तरुण पोरांना राबवून घेणंच आहे.

हिंजवडीकर
साफ असहमत. ११ मार्च २०२३, टोकियो डोम. समोर जपानचा स्टार फलंदाज ओहतानी. आपला तो इलेक्ट्रिशियन पिचर साटोरिया, त्याच्या हातात वेग म्हणावा असा नाहीच. ज्या चेंजअपवर (मुद्दाम संथ टाकलेल्या चेंडूवर) ओहतानीची बॅट हवेत फिरली तो ताशी १२० किलोमीटरचासुद्धा नव्हता. असा पिचर घेऊन जपानसमोर उभं राहायचं तर कुठला चेंडू कुठल्या कोपऱ्यात मागायचा हे कॅचरला कळायला हवं. ही नजर प्रागच्या क्लबात बसून येत नाही. ती रोज नवा पिचर, रोज नवा फलंदाज बघून येते.

कोकणकडा
जपानने तो सामना १०-२ असा जिंकला, हेही सांगा ना.

हिंजवडीकर
सांगतो की. आणि त्याआधी चीनला ८-५ हरवलं होतं, नवव्या डावात मुझीकने तीन धावांचा होमर (थेट मैदानाबाहेरचा फटका) मारून. युरोपातल्या छोट्या देशाने पदार्पणातच सामना जिंकला, हे काय थोडं झालं?

शमा_मेरीलँड
मी इथे मेरीलँडमधल्या बूई गावी डबल-ए चे सामने बघायला जाते. लवकर गेलं तर कॅचर बुलपेनमध्ये (पिचरांच्या सरावाच्या जागेत) आधीच घामाघूम दिसतात, आणि नऊ डाव अजून व्हायचेच असतात. त्यामुळे पगाराबद्दल कोकणकडा यांचं शंभर टक्के बरोबर आहे. खेळाडूंची युनियन झाली २०२२ मध्ये. २०२३ च्या पहिल्या करारात ट्रिपल-ए चा किमान पगार वर्षाला १७,५०० वरून ३५,८०० डॉलर झाला. एका सहीत दुप्पट! म्हणजे पैसे होते, द्यायचे नव्हते. चेर्वेन्काच्या पिढीची उमेदीची वर्षं त्याआधीच निघून गेली होती.

पण म्हणून ती वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही. पिळवणूक झाली हे खरं, आणि तो तिथे घडला हेही खरं.

विदर्भवीर
कॅचरचं गणित वेगळं असतं, ते कुणी मांडलंच नाही. रणजीतले कित्येक चांगले कीपर आयुष्यभर भारतीय संघाबाहेर राहिले, कारण अकरात कीपर एकच. तेच इथे. वर जागा नाही म्हणजे लायकी नाही असं होत नाही.

कोकणकडा
विदर्भवीर, लायकीबद्दल मी बोललोच नाही. जागा एकच आहे हे क्लबांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं. तरी डझनभर कॅचर करारात बांधून ठेवतात, का? तर पिचरांचा सराव अडू नये म्हणून. त्या कामाचे पुरते पैसे मोजायला हवे होते. चेक संघाचं यश ही चेर्वेन्काची स्वतःची कमाई आहे, त्याचं श्रेय मी क्लबांना देणार नाही.