मधोमध छिद्र असलेल्या दगडी चकत्या: क्रिनॉइडचा हा नेमका कोणता भाग?

प्रश्न: गडगेफिरस्ता

नमस्कार. नोकरीनिमित्त गेली दोन वर्षे मी इंग्लंडमध्ये शेफील्डला राहतो आणि सुटीच्या दिवशी जवळच्या डर्बीशरच्या डोंगरांत पायपीट करतो. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात वाढलेल्या माणसाला खडकात समुद्रजीव पाहण्याची सवय नसते. इथे मात्र शेतांच्या कडेने रचलेल्या चुनखडकाच्या गडग्यांतही जीवाश्म दिसतात. त्यांत सर्वाधिक आढळतात त्या शर्टाच्या बटणाएवढ्या गोल चकत्या, मधोमध बारीक छिद्र असलेल्या, आणि काही ठिकाणी अशा दहा-बारा चकत्या एकावर एक बसून झालेल्या कांड्या. हे क्रिनॉइड नावाच्या प्राण्याचे अवशेष आहेत, असे एका माहितीफलकावर वाचले. पण फलकावरच्या चित्रात देठावर उमललेले फूल होते. तेव्हा चकती म्हणजे त्या चित्रातला कोणता भाग, छिद्र कशासाठी, प्राणी म्हणायचा तर त्याचे तोंड कुठे, आणि इतक्या चकत्या पाहूनही एकही 'फूल' का दिसत नाही, हे कोणी समजावून सांगेल का? शिवाय एका काळपट चकमकीच्या दगडात स्क्रूसारखे आटे दिसले, तेही याच प्राण्याचे आहेत का?

उत्तर: भिंगधारी

फुलासारखा दिसतो म्हणूनच इंग्रजीत त्याला 'सी लिली' म्हणतात, पण क्रिनॉइड हा तारामाशाचा आणि सागरी अर्चिनचा नातलग, म्हणजे कंटकचर्मी (काटेरी कातडीच्या गटातला) प्राणी आहे. चित्र खालून वर वाचा. तळाशी मुळांसारखा दिसणारा, समुद्रतळाला धरून ठेवणारा भाग असतो, त्यावर देठ, देठाच्या टोकाला पेला आणि पेल्याच्या काठावरून वर गेलेले बाहू. आपल्या चकत्या देठाच्या आहेत. कॅरमच्या सोंगट्यांची चवड डोळ्यांसमोर आणा. फरक इतकाच की या सोंगट्यांच्या मधून एक नळी आरपार जाते आणि जिवंतपणी त्या चिवट तंतूंनी एकमेकींना बांधलेल्या असतात. नळीतून मज्जातंतू आणि शरीरातील द्रवाच्या बारीक पोकळ्या जात असत. अन्ननलिकेचा तिच्याशी काही संबंध नाही. तिला घसा समजण्याची चूक मी स्वतः बराच काळ करत होतो.

खरा प्राणी पेल्यात राहतो. पेल्याची भिंत पट्टिकांच्या वलयांची असते: वरच्या वलयातील पाच पट्टिका थेट बाहूंच्या खाली येतात, तर त्यांच्या खालच्या वलयातील पट्टिका, विटांच्या बांधकामाप्रमाणे, वरच्या सांध्यांच्या खाली बसतात. काही गटांत त्याखाली आणखी एक वलय असते. तोंड पेल्याच्या वरच्या बाजूला, आकाशाकडे पाहणारे, आणि गुदद्वारही त्याच बाजूला. बाहूंना पिसाच्या तंतूंसारखे फाटे असतात. त्यांच्यावरील मऊ नलिकापाद (नळीसारखे बारीक पाय) पाण्यातले अन्नकण टिपतात आणि बाहूंच्या आतल्या बाजूच्या खोबणीतून ते कण तोंडापर्यंत पोहोचतात. थोडक्यात, तो दांडा खाली आणि वाटी वर अशी उलटी झालेली छत्री आहे.

फूल का दिसत नाही, याचे कारण त्या तंतूंत आहे. प्राणी मेला की तंतू आणि स्नायू कुजतात आणि काही दिवसांत सांगाडा विखुरतो. एका देठात शेकडो चकत्या असू शकतात, पेला मात्र एकच. अख्खा प्राणी टिकायचा तर तो चिखलात झटपट गाडला जावा लागतो. अमेरिकेत इंडियाना राज्यातील क्रॉफर्ड्सव्हिल अशाच अखंड नमुन्यांसाठी प्रसिद्ध आहे. आपले गडगे कार्बॉनिफेरस कालखंडातील, साधारण ३३ ते ३४ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्रात साचलेल्या चुनखडकाचे आहेत, आणि तिथे लाटांनी चकत्यांची पार विस्कटाविस्कट केलेली आहे.

उत्तर: किनारपट्टी

वरील उत्तर योग्य आहे, मात्र 'समुद्रतळाला धरून' यावरून प्राणी जन्मभर एका जागी खिळलेला असतो, असा समज होऊ नये. आजही खोल समुद्रात देठवाले क्रिनॉइड आहेत आणि त्यांच्यापैकी काही देठाचा खालचा भाग टाकून देऊन बाहूंच्या आधारे सरपटत जागा बदलतात. उथळ प्रवाळभित्तींवर दिसणारे पिसासारखे क्रिनॉइड लहानपणी देठावर वाढतात आणि नंतर तो सोडून मोकळे होतात.

दुसरे, एकट्या चकतीवरून प्राण्याची जात सांगण्याच्या फंदात पडू नये. बहुतेकदा ते शक्यच नसते. त्याऐवजी चकतीचा सपाट चेहरा पाहा. कडेपासून आत गेलेल्या बारीक रेघा म्हणजे शेजारच्या चकतीच्या रेघांत अडकणारे दात. त्यांच्यामुळे देठ वाकतो, पण चकत्या सरकत नाहीत. मधले छिद्र कधी गोल, कधी पंचकोनी, कधी पाच पाकळ्यांचे असते. चकतीची बाहेरची कडा गोल असली तरी कंटकचर्मींची पाचाची खूण (त्यांचे शरीर पाच भागांत रचलेले असते) अशी आत सापडू शकते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटच्या लाइम रेजिसजवळच्या जुरासिक थरांत तर अख्खी चकतीच पंचकोनी ताऱ्यासारखी असते. उत्तरेकडे लिंडिसफार्न बेटावर साध्या गोल चकत्यांना संत कथबर्टचे मणी म्हणत, आणि जपमाळेसाठी आयते छिद्र असताना ते नाव पडले नसते तरच नवल.

स्क्रूचे कोडे सोपे आहे. देठाच्या नळीत आणि चकत्यांमधल्या फटींत सिलिका (चकमकीचे द्रव्य) भरली, पुढे चकत्यांचे कॅल्साइट (चुनखडकाचे खनिज) विरघळून गेले आणि आतला भराव तेवढा उरला. आटे म्हणजे फटींचे ठसे. डर्बीशरमध्ये त्यांना स्क्रूचे दगडच म्हणतात.

गडगेफिरस्ता

दोघांचेही आभार. आज गडग्याचा एक दगड ओला करून भिंगाखाली पाहिला. एक चकती तुटलेली होती आणि तुटलेला पृष्ठभाग दाणेदार असण्याऐवजी आरशासारखा सपाट चमकत होता. तिच्याच बाजूला एक षट्कोनी तुकडा आहे, त्याला छिद्र अजिबात नाही.

भिंगधारी

चमक हीच उत्तम ओळख आहे. क्रिनॉइडचा प्रत्येक तुकडा जिवंतपणी स्पंजासारखा सच्छिद्र असला तरी स्फटिकाच्या दृष्टीने तो कॅल्साइटचा एकच स्फटिक असतो, आणि पुढे त्या बारीक पोकळ्याही कॅल्साइटनेच भरून येतात. त्यामुळे तो कॅल्साइटच्या पाटनाप्रमाणे, म्हणजे स्फटिक ठरावीक सपाट पातळ्यांवर फुटतो तसा, सपाट फुटतो. शिंपल्याचा तुकडा असा चमकत नाही. षट्कोनी तुकडा बहुधा पेल्याची पट्टिका असावी: सरळ कडा शेजारच्या पट्टिकांना टेकणाऱ्या. वरच्या कडेला घोड्याच्या नालेच्या आकाराची खाच दिसली, तर तिथे बाहू बसत होता. दगड मात्र गडग्यातून काढू नका, तो कोणा शेतकऱ्याचा आहे. तिरपा उजेड टाकून त्याचे छायाचित्र इथे द्या, खाच आहे की नाही ते त्यातच कळेल.