अनुभव धागा : न आलेल्या पुराची मदत

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूरकडे सीना नदीच्या काठी पूर आला, तेव्हा अमळनेर तालुक्यातील आमच्या गावात आम्ही घरोघर फिरून धान्य, चादरी आणि रोख रक्कम गोळा करत होतो. एका ओट्यावर बसलेल्या वयोवृद्ध आप्पांनी पायलीभर ज्वारी आमच्या पोत्यात ओतली आणि म्हणाले, की तुमच्या तोंडाकडे पाहून देतो आहे, खऱ्याच्या हातात पडेल अशी आशा मला उरलेली नाही. आप्पा कंजूष नाहीत. कानबाईच्या सणात रोटांना त्यांच्या घरी अर्धे गाव जेवते. त्यांच्या त्या वाक्यामुळे हा धागा सुरू करत आहे.

आपत्ती आलेली नसताना ती आली असे सांगून मदत घेणाऱ्यांचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आला असेल. काहींनी ते स्वतः केलेही असेल. दोन्ही बाजूंनी लिहावे, ही विनंती. कोणाचे, कोणत्या संस्थेचे वा कचेरीचे नाव घेऊ नये. चोरी आणि ही फसवणूक यांत मला फरक वाटतो, पण तो नेमका कुठे आहे हे मला मांडता येत नाही, आणि ते तुमच्या अनुभवांतून कळावे अशी इच्छा आहे.

निवृत्त शिक्षिका, अमळनेर

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नोकरीला लागून चार वर्षे झाली होती. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, आदल्या रात्री गणपतींचे विसर्जन झालेले, माणसे थकून झोपलेली, आणि चार वाजायच्या आत दगडमातीच्या जाड भिंती त्यांच्या अंगावर आल्या. सुमारे दहा हजार माणसे गेली. आमच्या शाळेतल्या मुलांनी मूठमूठ धान्य आणले होते.

त्यानंतर दीडएक महिन्याने आमच्या दारी एक माणूस आला. बायको आणि दोन मुले ढिगाऱ्याखाली गेली, असे त्याने सांगितले. मुलांची नावेही सांगितली. माझ्या आईने त्याला घरात घेतले, भाकरी आणि वांग्याचे भरीत वाढले, वडिलांचे धोतर दिले. तो जेवत असताना माझी तीन वर्षांची भाची चुलीजवळ गेली, तशी त्याच्या तोंडून एकदम निघाले, “अरे दूर हो, भाजाई जाशी!” इतका वेळ तो प्रमाण मराठी बोलत होता, आणि भीतीच्या क्षणी त्याची अहिराणी, म्हणजे आमच्याच खानदेशाची बोली, बाहेर आली. आई थबकली. त्यालाही ते कळले. त्याने ताटातली भाकरी संपवली, हात धुतला आणि मान वर न करता निघून गेला. धोतर मात्र ओट्यावर ठेवून गेला.

त्याची भूक खोटी नव्हती, असे आई पुढे म्हणत असे, आणि मलाही ते पटते. मला आजवर सलते ते त्या दोन मुलांच्या नावांचे. “मी उपाशी आहे” एवढे म्हटले असते तरी आमच्या घरी त्याला जेवण मिळाले असते. पण नुसत्या भुकेला आपण किती देतो आणि भूकंपाला किती देतो, हे त्याने दारोदार फिरून शिकलेले असावे. तो दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारायला माझे मन तयार होत नाही.

निवृत्त तलाठी, यावल तालुका

तीस वर्षे पंचनामे केले. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात मे-जूनचे वादळ आले की केळी आडवी होते, आणि केळीचा पंचनामा त्या मानाने सोपा असतो, कारण मोडलेला खांब डोळ्यांना दिसतो आणि मोजता येतो. अवघड असते ते पाण्यात उभ्या असलेल्या कपाशीचे. आज हिरवी दिसणारी कपाशी आठवड्याने लाल पडून मरेल की सावरेल, हे कोणाला सांगता येत नाही, आणि कागदावर मात्र आजच टक्का लिहावा लागतो.

नियम असा आहे, की नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तरच अनुदान मिळते. तीस टक्के गेलेल्याला काही नाही. बांधावर उभा असलेला शेतकरी “तात्या, तीनच टक्क्यांचा तर प्रश्न आहे” असे म्हणतो, तेव्हा ते खोटे बोलणे आहे की न्याय मागणे आहे, याचे उत्तर मला निवृत्तीनंतरही मिळालेले नाही. मी अनेकदा पस्तीस लिहिले. हे कबूल करताना मला लाज वाटत नाही, कारण मी आणि माझ्यासोबतचे कृषी सहायक व ग्रामसेवक, आम्ही तिघेही ते पीक पाहत होतो आणि ते जाणार हे आम्हाला दिसत होते.

लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. सातबारा ज्याच्या नावावर, मदत त्याच्या खात्यावर. जमीन बटाईने करणाऱ्याचे नाव कोठेच नसते. बियाणे त्याचे, खत त्याचे, रात्री मोटार चालू करायला उठणारा तो, आणि पैसा मात्र पुण्यात किंवा नाशकात राहणाऱ्या मालकाच्या खात्यात जातो. तो मालक कागदोपत्री पूर्ण खरा असतो. त्याने एका अक्षराचे खोटे सांगितलेले नसते. बुडालेला माणूस समोर उभा असताना मी न बुडालेल्या माणसाचे नाव लिहिले, आणि ते नियमाप्रमाणे लिहिले. काही मालक मिळालेली रक्कम बटाईदाराला बोलावून देत, पण असे फार थोडे होते.

उघड खोटेही पाहिले. एका गावात पडक्या, कित्येक वर्षे वापरात नसलेल्या गोठ्यापुढे नवी चूल मांडून ते राहते घर म्हणून दाखवले होते. चुलीत राख नव्हती. मी काही न बोलता तिकडे बोट केले. त्या घरची म्हातारी माय मुलाकडे वळून म्हणाली, “आपलं घर पडनं नही, मंग आपलं नाव कसाले?” मुलाने उत्तर दिले, “सरकारना पैसा शे, कोना बापना शे?” हे वाक्य मी तीस वर्षांत इतक्यांदा ऐकले आहे, की खोटेपणाचे मूळ मला गरिबीपेक्षा या वाक्यात अधिक दिसते. पैसा कोणाचाच नाही असे एकदा मानले, की तो घेताना कोणाचे काही जाते हे मनात येतच नाही. म्हातारीने चुलीच्या विटा माझ्यासमोर उचलून बाजूला ठेवल्या.

शेतकरी, पारोळा तालुका

वरच्या तात्यांच्या लिखाणात एक भर घालतो. विमा म्हणजे दान नव्हे, हे मान्य आहे, पण खोट्याचे फळ भोगणारे येथेही खरेच शेतकरी आहेत. एक रुपयात पीकविमा २०२३ च्या खरिपापासून सुरू झाला आणि बोगस अर्जांचा सुळसुळाट झाल्यामुळे २०२५ मध्ये बंद झाला. आता खरिपाच्या पिकांना विमा रकमेच्या दोन टक्के आणि कपाशीसारख्या नगदी पिकाला पाच टक्क्यांपर्यंत हप्ता आम्हाला भरावा लागतो. ज्यांनी पडीक जमिनीवर पीक दाखवले, त्यांचे काही गेले नाही. माझ्यासारख्या तीन एकरवाल्याचे गेले.

मदतवाटपातील स्वयंसेवक, चाळीसगाव

३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या एका रात्रीत चाळीसगावात शिरल्या. वर कन्नड घाटात दरडी कोसळलेल्या, रस्ता बंद. तिसऱ्या दिवसापासून बाहेरगावची मदत येऊ लागली आणि आम्ही दहाबारा मुले किट वाटायला उभे राहिलो.

वाटपाचे पहिले दोन दिवस आम्ही कोणालाही काही विचारले नाही. जो आला त्याला पीठ, तेल, डाळ, मेणबत्त्या आणि ब्लँकेट दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळले, की पाण्यापासून बरेच दूर असलेल्या एका वस्तीतील काही जण कपडे चिखलात भिजवून येत होते आणि एका घरात आमचीच चौदा किट रचून ठेवलेली होती. आम्ही तेथे गेलो, भांडलो, किट परत आणली. तो विजय वाटला होता.

वाटपाच्या तिसऱ्या दिवसापासून आम्ही आधार कार्ड दाखवल्याशिवाय काही द्यायचे नाही असे ठरवले. त्या दिवशी नदीकाठच्या वस्तीतली एक बाई दोन मुलांना घेऊन रांगेत आली. तिचे कार्ड ज्या पत्र्याच्या पेटीत होते, ती पेटीच पाण्यात गेली होती. मी तिला म्हणालो, “ताई, ओळखीचं कोणी असेल तर घेऊन या.” तिच्या ओळखीचे सगळे त्याच रांगेत, त्याच अवस्थेत उभे होते. ती परत गेली. अर्ध्या तासाने माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी तिला शोधायला गेलो, पण ती सापडली नाही.

चौदा किट चोरणाऱ्यांना आम्ही पकडले होते, त्यांचे पुढे काहीच बिघडले नाही. आमचा नियम मात्र त्यांच्यामुळे झाला आणि तो तिच्या वाट्याला आला. धागा सुरू करणाऱ्या दादांनी चोरीतला आणि या फसवणुकीतला फरक विचारला आहे. चोर ज्याचे नेतो त्याचे नुकसान करतो. येथे देणाऱ्याचे फारसे काही जात नाही; रांगेत मागे उभा असलेला, पुढच्याने काय केले हे ठाऊकही नसलेला माणूस त्याची किंमत देतो.

गृहिणी, शिंदखेडा

आम्ही त्या रांगेत मागे उभे राहिलेलो आहोत, म्हणून लिहिते. खानदेशातील हजारो कुटुंबांसारखे आम्हीही सुरतेत होतो. नवरा यंत्रमागावर होता. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी शहरात शिरले. ज्या तापीला माहेरी असताना हात जोडले, तिचेच ते पाणी. तळमजल्यावरची आमची खोली छतापर्यंत बुडाली. दोन रात्री शेजाऱ्यांच्या गच्चीवर काढल्या आणि पाणी ओसरल्यावर अंगावरच्या कपड्यांनिशी गावी आलो.

आमच्या आधी गावातलाच एक जण सुरतेहून आला होता. त्याची खोली दुसऱ्या मजल्यावर, पूर्ण कोरडी. त्याने सर्व गेल्याचे सांगून गावातून वर्गणी जमवली होती, आणि नंतर त्याचा टीव्ही व शिलाई मशीन टेम्पोतून उतरताना लोकांनी पाहिली. आम्ही पोहोचलो तेव्हा गाव शहाणे झाले होते. कोणी वाईट बोलले नाही. चहा दिला, बसा म्हणाले, आणि मग एकेक जण विचारू लागला, की पाणी किती फूट होते, गॅसची टाकी वाचली का, दागिने तर अंगावरच असतील ना. माझ्या सासूबाईंनी शेवटी पदराची गाठ सोडून दाखवली. तिच्यात घराची किल्ली होती, दुसरे काही नव्हते.

मदत न मिळाल्याचे दुःख आम्ही केव्हाच विसरलो. स्वतःच्या गावात स्वतःच्या दुःखाचा पुरावा द्यावा लागला, ते विसरता येत नाही.

वकील, धुळे

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ५२ नुसार सरकारी यंत्रणेकडून मदत मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटा दावा करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. मदतीचा पैसा वा साहित्य ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच ते लाटले, तर कलम ५३ लागते. खासगी दात्याला फसवले असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा होतो.

कोविडने दगावलेल्यांच्या वारसांना प्रत्येकी ५०,००० रुपये देण्याचे ठरले, तेव्हाही खोटे दावे आले, आणि मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र, गुजरात, केरळ व आंध्र प्रदेश या चार राज्यांतील ५ टक्के दाव्यांची तपासणी करण्यास केंद्राला परवानगी दिली. त्या काळात माझ्याकडे एक तरुण आला होता. त्याच्या आईचा मृत्यू घरी झाला होता, चाचणी झालेली नव्हती, म्हणून कागद नव्हता. ओळखीतल्या एकाने त्याला दुसऱ्याच्या अहवालावर नाव बदलून देण्याची तयारी दाखवली होती. आई खरोखर त्याच आजाराने गेली असेल, तर कागद खोटा झाल्याने काय बिघडते, असे तो मला विचारत होता. मी त्याला जिल्हा समितीकडे रीतसर अर्ज करायला लावला. अर्ज नामंजूर झाला. माझा सल्ला कायद्याने बरोबर होता आणि आजही मी तोच देईन, पण तो मुलगा पायऱ्या उतरून गेला, ते चित्र डोळ्यांपुढून हलत नाही.

कापड दुकानदार, चाळीसगाव

स्वयंसेवक दादांचे लिखाण तीनदा वाचले आणि मग लिहायला बसलो. मी दुसऱ्या बाजूचा आहे.

त्या रात्री आमच्या दुकानात पाणी आले होते, पण घोट्याइतकेच. खालच्या फळीवरचे चारपाच ताके भिजले. बाजारातील दुकानदारांसाठी बाहेरच्या दात्यांकडून रक्कम येणार आणि नुकसान पाहून वाटली जाणार, अशी बातमी आली. टाळेबंदीने आमचे कंबरडे मोडले होते आणि घाऊक व्यापाऱ्याचे देणे थकले होते. वडिलांनी शटर आतून ओढले. न खपलेला जुना माल आम्ही खाली काढला आणि बादलीने भिजवला. मग बाहेरचा चिखल घमेल्यात आणून मी भिंतीवर कमरेच्या उंचीपर्यंत हाताने लावला. पाहणी करणारे सद्गृहस्थ आले, त्यांनी भिंतीकडे पाहून “अरेरे” म्हटले आणि वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. आम्हाला २५,००० रुपये मिळाले. आमच्या पलीकडच्या गल्लीत एका शिंप्याची दोन्ही यंत्रे खरोखर गेली होती, त्यालाही तेवढेच मिळाले, कारण रक्कम ठरलेली होती आणि नावे वाढली होती.

देणे थकले होते हे खरे आहे आणि ते मी सबब म्हणून सांगत नाही. त्या रात्री मदत मागायला गेलो असतो, तर “धंदा बसला आहे” असे सांगावे लागले असते आणि ते वडिलांना मरणाहून अवघड होते. पुरात बुडालेल्या माणसाची अब्रू जात नाही, कर्जात बुडालेल्याची जाते.

२०२५ मध्ये मराठवाड्यासाठी फेरी आली तेव्हा मी २५,००० रुपये दिले. पावतीवर नाव घालू नका म्हणालो. त्याने फिटले का, हे मला ठाऊक नाही; ज्याचे घेतले होते तो शिंपी माझ्या गल्लीपलीकडेच राहतो आणि पैसे गेले सीनेच्या काठी. त्याच्याकडे जाण्याचे मी चार वेळा ठरवले आहे.

भिंतीवरचा डाग पूर्ण गेलेला नाही. रंग दिला तरी ओल पडल्यासारखी एक रेघ वर येते. नवे गिऱ्हाईक कधी तिकडे पाहून विचारते, “आप्पा, पाणी एवढं वर आलं होतं का?” वडील “हो” म्हणतात, आणि मी हातातला ताका उलगडत राहतो.