अनुभव धागा: होणाऱ्या शिक्षकाचं वाचन आणि वर्गातले साहित्य-प्रकल्प

ओलीपाटी (धागा)

डी.एल.एड., बी.एड. या शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रमांच्या मुलामुलींचे प्रश्न दरवर्षी साधारण तेच असतात. आंतरवासितेत, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याच्या सरावात, मराठीच्या तासाला पाठ्यपुस्तकाबाहेरचं काय करायचं आणि त्यासाठी स्वतः काय, कसं वाचून ठेवायचं? ज्यांनी हे वर्गात करून पाहिलंय त्यांनी इथे लिहा. "मुलांना फार आवडलं" एवढ्यावर थांबू नका. साहित्य किती, वेळ किती, कुठे फसतं आणि का, तेही येऊ द्या.

वाचननोंदीपासून सुरुवात करते. वहीत गोष्टीचा सारांश लिहू नका, पुस्तक चाळलं की तो पुन्हा कळतोच. हवं ते वेगळं: मोठ्याने वाचायला किती मिनिटं लागली, कोणत्या इयत्तेला झेपेल, कुठे थांबलं की मुलं पुढचा अंदाज बांधतील, कोणते तीन-चार शब्द आपल्या भागातल्या मुलांना अनोळखी आहेत. डाव्या पानावर आवडलेला उतारा जसाच्या तसा, लेखक-प्रकाशकाच्या नावासह. उजव्या पानावर वर्गाची टिपणं. मिनिटं घड्याळ लावूनच मोजा. मनात पाच मिनिटांत संपणारी गोष्ट चित्रं दाखवत, मुलांचं ऐकत वाचली की सहज बारा मिनिटांवर जाते. मग ३५ मिनिटांच्या तासिकेत पुढचं लेखन उरकावं लागतं.

दुसरं म्हणजे बालसाहित्य स्वतः वाचा. कथा-कादंबऱ्या भरपूर वाचलेले छात्राध्यापकही (शिकाऊ शिक्षक) मुलांची पुस्तकं मात्र चाळूनच ठेवतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. आठवड्याला एक अंक वाचला तरी वर्षभरात हाताशी मोठा साठा होतो.

खडूचीधूळ

प्रकट वाचनासाठी (वर्गाला मोठ्याने वाचून दाखवायला) मोठं पुस्तक स्वतः बनवा. चाळीसच्या वर्गात मागच्या रांगेला साध्या पुस्तकातलं चित्र दिसत नाही आणि गडबड तिथूनच सुरू होते. कार्डशीट अर्धं कापलं की साधारण १४ × २२ इंचाचं पान मिळतं. आठ पानं पुरतात. एका पानावर दोन ओळी, फार तर तीन.

सगळ्यात जास्त घोटाळा ओळींच्या अंतरात होतो. अक्षर ३ सेंमी उंच काढलं तर दोन ओळींत ५ सेंमी मोकळे सोडा. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा-वेलांट्या एकमेकांत घुसल्या की पहिली-दुसरीतलं मूल 'कु' आणि 'के' यांत अडखळतं. आधी पेन्सिलीने शिरोरेषा आखून घ्या, अक्षरं तिला लटकवा आणि मगच मार्कर लावा. मार्कर मागे उतरतो, म्हणून एकाच बाजूला लिहा. स्टेपल केलेलं पुस्तक सपाट उघडत नाही. तीन भोकं पाडून सुतळी सैल ओवा.

वाचताना ओळीखालून पट्टी फिरवा, पण शब्दाशब्दाला थांबू नका. वाक्याचा सूर तुटला की अर्थही तुटतो.

नदीकाठ

नवीन शब्दांचे अर्थ आधी फळ्यावर लिहून घ्यावेत की नंतर? पाठ टाचणात (तासाच्या लेखी आराखड्यात) तर आधीच लिहायला सांगतात.

खडूचीधूळ

@नदीकाठ, ज्याच्यावाचून गोष्टच कळणार नाही तेवढेच आधी, तेही एक-दोन. बाकीचे ओघात येऊ द्या, मुलं संदर्भावरून बरेच ओळखतात. दहा शब्दार्थ आधी लिहून घेतले की गोष्ट सुरू होण्याआधीच वर्ग कंटाळलेला असतो. टाचणात 'संदर्भातून अर्थ शोधणे' अशी कृती लिहिली तर पाठनिरीक्षकही सहसा हरकत घेत नाहीत.

चिमणीवही

आठ पानी घडीचं पुस्तक. एका मुलामागे एक ए-४ कागद, डिंक नको, स्टेपल नको. कागद तीनदा अर्धा दुमडून आठ चौकटी पाडायच्या आणि उलगडायचा. मग आखूड कडा एकमेकींवर आणून अर्धा करायचा आणि दुमडलेल्या बाजूने मधल्या घडीवरून पुढच्या घडीपर्यंत कापायचं. पुन्हा उलगडून लांबीत दुमडला की मध्ये चीर दिसते. दोन्ही टोकं आत ढकलली की पुस्तक तयार. पान जेमतेम ७.४ × १०.५ सेंमीचं होतं, म्हणून पानामागे एक वाक्य आणि एक चित्र, इतकंच.

मुलं हमखास उघड्या बाजूने कापतात आणि कागद वाया जातो. म्हणून कापायच्या रेघेवर आधी लाल खूण करून घ्या आणि वर्गाच्या पटापेक्षा दहा कागद जास्त ठेवा. दुसरी चूक म्हणजे सपाट कागदावरच लिहायला लागणं. आठांतल्या चार चौकटी उलट्या येतात. आधी घडी घाला, पुस्तकावर पानांचे आकडे टाका, मग हवं तर उलगडा. तेलखडू समोरच्या पानाला लागतो, साधे रंगीत खडू किंवा पेन्सिली बऱ्या.

विषय "माझी गोष्ट" असा मोकळा सोडला की निम्मी पुस्तकं "एक होता राजा"ने सुरू होतात. वाचलेल्या गोष्टीलाच प्रश्न जोडा: त्यातल्या कावळ्याने हे सगळं कसं सांगितलं असतं? याचं उत्तर लिहायला मूळ गोष्ट पुन्हा उघडावी लागते, आणि आपल्याला तेच हवं असतं.

वऱ्हाडवारा

नाट्यवाचन. पाठांतर नाही, वेशभूषा नाही, हातात कागद धरूनच वाचायचं. दोन पानांची संहिता, पाच-सहा वाचक आणि सात-आठ मिनिटं. गोष्टीची संहिता करताना "तो म्हणाला", "ती म्हणाली" काढून टाका. निवेदन एकट्याला देऊ नका. निम्मा मजकूर निवेदकाकडेच जातो आणि बाकीचे नुसते उभे राहतात. दोन-तीन निवेदक करा.

सोमवारी शिक्षकाने वाचायचं, मंगळवारी सगळ्यांनी मिळून, बुधवार-गुरुवार गटात, शुक्रवारी वर्गासमोर. अडखळत वाचणाऱ्या मुलाला लहान पण पुन्हा पुन्हा येणारं वाक्य द्या. तेच वाक्य पाचव्यांदा वाचताना त्याचा आवाज मोकळा झालेला असतो. कागद तोंडासमोर येतो आणि आवाज अडतो, म्हणून संहिता पुठ्ठ्याला चिकटवून छातीच्या उंचीवर धरायला लावा.

संवाद घरच्या बोलीत बदलू द्या. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, जी असेल ती. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत ठेवले की दोन्हींचा फरक मुलांच्या कानाला आपोआप कळतो. बोलीतलं वाक्य "सुधारून" देऊ नका, ते मूल पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही.

जात्याचापाळू

हस्तलिखिताबद्दल, म्हणजे मुलांनी हाताने लिहिलेल्या वर्गाच्या अंकाबद्दल. "कविता लिहून आणा" म्हटलं की उतरवलेल्या कविता येतात. त्यापेक्षा घरातून ऐकून आणायला सांगा: ओवी, उखाणा, कोडं, म्हण. प्रत्येक नोंदीखाली सांगणाऱ्याचं मुलाशी नातं, गाव आणि ती ओवी किंवा म्हण कधी म्हणत, हे तीन तपशील हवेतच. नावासह छापायचं तर त्यांना विचारून. ओवी आधी फोनवर रेकॉर्ड करा, मग लिहा. थेट लिहायला बसलं की सांगणारी बाई थांबून थांबून सांगते आणि चालीतले शब्द गळतात.

शिक्षकाने आधी ओव्या भरपूर ऐकलेल्या हव्यात. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या गटाने गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतो आहे. आठवडाभर रोज दहा ऐका, मग वर्गात जा.

मांडणी: मधून दुमडून शिवायचं असेल तर पानं चारच्या पटीत, ३२ बरी. शिलाईच्या बाजूला ३ सेंमी समास, नाहीतर ओळींची टोकं शिवणीत जातात. पहिल्या खर्ड्यावर फक्त मजकुराबद्दल बोला, शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्यावर. लाल पेनाने दोन्ही एकदम केलं तर मूल मजकूर छोटा करून आणतं, चुका कमी व्हाव्यात म्हणून. शेवटचं लेखन मुलांच्याच अक्षरात ठेवा. एका सुरेख अक्षराच्या मुलीकडून सगळं उतरवून घेण्याची पद्धत आहे, पण त्यामुळे बाकीच्यांचं पुस्तक त्यांचं राहत नाही. वेळ सहा आठवडे धरा. २७ फेब्रुवारीला प्रकाशन करायचं तर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सुरुवात हवी.

नदीकाठ

वर्गात पुस्तकंच नसतील तर?

ओलीपाटी

@नदीकाठ, प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत आणि मुक्त परवान्यामुळे छापताही येतात. छापील प्रतीवर लेखक-चित्रकारांची नावं राहू द्या. कपाटात ठेवू नका. भिंतीवर मुलांच्या हाताच्या उंचीला सुतळी बांधून पुस्तकं मधल्या पानावर उघडून टांगा, मुखपृष्ठ बाहेर. जाड पुस्तकं शिवणीत फाटतात, ती खोक्यात उभी ठेवा. नोंदवहीत तीनच रकाने: नाव, पुस्तक, तारीख. चौथा 'तात्पर्य'चा टाकला की मुलं पुस्तक न्यायचीच थांबतात.